सहा ओळी कोऱ्या

तुमालोंग गावात लग्न ठरलं की दोनच गोष्टींचा खल व्हायचा. डुक्कर कुठलं कापायचं आणि धर्ममाता कुणाला करायचं. डुकरावरून भाऊ-भाऊ हातघाईवर यायचे. धर्ममातेवरून वाद झालेला कुणाला आठवत नाही. क्लारिंग. संपला विषय.

आणि हे नाव ऐकलं की सालुदच्या पोटात दुखायचं.

सालुद ही एस्कानियोंची लेक. किनाऱ्यापासून वर, नारळांच्या राईत एस्कानियोंची अख्खी वस्ती होती. चुलते, आत्या, त्यांची पोरं, पोरांची पोरं. विशीतच ती आरोग्य-स्वयंसेविका झाली. खांद्याला वजनकाटा अडकवून दारोदार हिंडली. तुमालोंगचं एकूण एक पोर तिनं त्या काट्याच्या झोळीत टांगून तोललं होतं. सरकार या कामाचे जे देतं त्यात चपला झिजलेल्याही भरून निघत नाहीत. पण सालुद हिंडली. मोठं वादळ आलं तेव्हा छाती-छातीएवढ्या पाण्यातून तिनं म्हातारी माणसं पाठीवर घेऊन शाळेत पोहोचवली.

पाणी ओसरल्यावर तिनं त्यातल्याच एका म्हाताऱ्याला, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं 'नोंग' म्हणत, मुद्दाम विचारलं, "काय नोंग, त्या दिवशी शाळेत कुणी आणलं होतं हो तुम्हाला?"

"कुणी बरं?" म्हातारा डोकं खाजवत म्हणाला. "अंधारून आलं होतं बाई, दिसत नव्हतं काही. पण क्लारिंगनं पेज दिली बघ. आलं घातलेली. जिवात जीव आला."

पेज! शाळेच्या कोरड्या ओट्यावर चूल मांडून भात शिजवला की झाली देवी! सालुदच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार कुणाला? क्लारिंग तिची कुमारे होती, म्हणजे लेकीची धर्ममाता. तिच्या थोरल्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी क्लारिंगनंच हातांवर धरलं होतं, आणि ते सालुदनंच, हौसेनं, तिच्या घरी जाऊन मागितलं होतं. तेव्हा दोघी ओढ्यावर एकाच दगडावर धुणं धुवायच्या. सख्ख्या बहिणीशी अबोला धरता येतो. कुमारेशी धरला तर लोक तोंडावर थुंकतात. म्हणून सालुद तिच्याशी गोड हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

क्लारिंगचं किनाऱ्याच्या रस्त्यावर छोटं दुकान होतं. सुट्टी सिगारेट, पुडीतला शाम्पू, सुकी मासळी, आणि सकाळी पेज. बाई जाडजूड, हसली की दुकान हलायचं. काम म्हणाल तर शून्य. गावाच्या कारभारात सदस्य होती, पण बैठकीत डुलक्या काढायची. पण कुणाचं पोर पळालं, कुणाची बायको माहेरी गेली, कुणाच्या होडीचं इंजिन बसलं, की पावलं तिच्याच बाकड्याकडे वळायची.

बारांगाय ही सरकारच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी. वरच्या पायऱ्यांवर ठरलेली आडनावं बसतात. बाप उतरला की मुलगा, मुलाची मुदत संपली की सून. खालच्या पायरीवर तेवढं गरिबाला बसता येतं, म्हणून गरीब तिथं जीव खाऊन भांडतो. तुमालोंगला एक कपितान आणि सात सदस्य. मतदार स्वतःच्या हातानं नावं लिहितो, वर कपितानाचं एक, खाली सदस्यांची सात. सातांत ज्याला सगळ्यात जास्त मतं तो पहिला सदस्य. कपितान मेला किंवा सोडून गेला, तर पुन्हा निवडणूक नाही. पहिला सदस्य उठतो आणि त्या खुर्चीत बसतो.

मागच्या खेपेला क्लारिंग पहिली आली होती. सालुद दुसरी.

यंदा कपितान देल्फिन पुन्हा उभा होता, पण त्याची मूत्रपिंडं गेली होती. तोंड सुजलेलं, पाय पखालीसारखे. लेक कॅनडातून रोज फोन करायची, बाबा, इकडे या. तो मुदत पुरी करणार नाही हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. म्हणजे यंदाची खरी लढाई कपितानपदाची नव्हतीच. पहिल्या नंबराची होती. सालुदनं हे ओळखलं, आणि तिला वाटलं हे आपण एकटीनंच ओळखलंय.

प्रचाराला देल्फिनचं पॅनल एकत्र निघायचं. सातही जण एका रंगाच्या टी-शर्टमध्ये, पुढे ट्रायसिकलवर गाणं वाजतंय. घरात शिरलं की घरची बाई आधी क्लारिंगपुढे खुर्ची सरकवायची, मोठ्या बहिणीसारखं 'नांग' म्हणायची. "बसा नांग, दमलात." सालुद दारातच, उन्हात.

"अगं, कुमारेला पण दे की काहीतरी बसायला," क्लारिंग म्हणायची.

"राहू दे," सालुद म्हणायची. "मला उभं राहायची सवय आहे. काम करणाऱ्याला असते."

"बघा, मी म्हणते ना, हिच्यासारखी दुसरी नाही!" आणि क्लारिंग हसायची. टोमणा तिच्या अंगावरून पाण्यासारखा निथळून जायचा. त्यानं सालुद आणखीच पेटायची. शिवी दिली असती तर परवडली असती.

मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या अंगणात देल्फिननं सातांना हातात हात घालून उभं केलं. धाप लागत होती त्याला. "समोर पोन्सिंग आहे," तो म्हणाला. पोन्सिंग कोंबड्यांच्या झुंजीचा आखाडा चालवायचा, आणि आखाड्यावर ज्यांची चूल चालायची ती सगळी घरं त्याच्या मुठीत होती. "त्यानं आपल्या माणसांना सांगितलंय, सातच्या सात माझेच लिहा, एक नाव इकडचं तिकडं झालं तर आखाड्याची पायरी चढायची नाही. मग आपलेही सात एकत्र पाहिजेत. आपल्या घरच्यांना सांगा. एक ओळ रिकामी सोडू नका."

सातांनी शपथ घेतली. सालुदचा हात क्लारिंगच्या हातात होता. गुबगुबीत, घामेजलेला. देल्फिननं 'आमेन' म्हटलं तसा तिनं तो आधी सोडवून घेतला.

त्याच दुपारी राईतल्या चुलत्याच्या अंगणात तिनं सगळे एस्कानियो गोळा केले. केळीच्या पानावर भात, भाजलेले मासे. हात धुऊन झाल्यावर ती उभी राहिली.

"कपितानाच्या जागी देल्फिन लिहा. खाली सालुद लिहा. बस्स. बाकीच्या सहा ओळी कोऱ्या."

चुलता दात कोरायचा थांबला. "सहाही?"

"सहाही. तुम्ही तुमच्या हातानं तिचं नाव लिहिता, म्हणून ती माझ्या पुढे जाते. माझ्याच घरचं मीठ आणि तिच्या पानात!"

"पण मग एकट्या क्लारिंगचंच गाळू," आतेबहीण म्हणाली. "बाकीच्या पाचांनी काय घोडं मारलंय?"

"एकटीचं गाळलं तर मतमोजणीत डोळ्यांवर येईल. सगळ्यांचं गाळलं तर म्हणतील एस्कानियोंना आपल्या लेकीचा अभिमान आहे."

हे ऐकून लोक हसले. अभिमानाचं नाव काढलं की एस्कानियो डोळे मिटून उडी मारतात.

तिचा नवरा आम्बो कोपऱ्यात जाळं विणत बसला होता. तो परक्या बेटावरचा, चार शब्दांचा माणूस. घरी जाताना वाटेत लाडक्या नावानं हाक मारून म्हणाला, "लुदिंग, सकाळी शपथ घेतलीस ना?"

"मी घेतली. मी सातही लिहीन. माझ्या चुलत्यानं कुठे घेतलीय शपथ?"

"ती तुझी कुमारे आहे."

"म्हणून तर दुसरा नंबर देतेय," सालुद म्हणाली. "सातवा नाही."

आम्बो जाळं खांद्यावर टाकून पुढे झाला. तिनं बोलणी संपवली की तो बोलत नसे.

मतदान झालं. दुपार कलायला लागली तशी शाळेच्या वर्गात मोजणी सुरू झाली. बाकं भिंतीला लावलेली, खिडक्यांत माणसांची डोकी, डोक्यांच्या वर आणखी डोकी. शाळेतल्या बाई एकेक मतपत्रिका उघडून मोठ्यानं वाचायच्या, आणि फळ्यावर चिकटवलेल्या कागदावर दुसऱ्या बाई रेघ ओढायच्या. पोन्सिंगच्या माणसांच्या पत्रिका आल्या की सात नावं एका दमात वाचली जायची, पाढ्यासारखी. देल्फिनच्या माणसांच्याही तशाच. क्लारिंग, सालुद, आणि पुढचे पाच. मागे काड्यापेटीएवढा पंखा घरघरत होता. क्लारिंग खिडकीशी बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती. सालुद फळ्याच्या अगदी पुढ्यात.

मग बाईंनी एक पत्रिका उघडली. "कपितान, देल्फिन. सदस्य, सालुद." आणि त्या थांबल्या. कागद उलटा करून पाहिला. "बाकी कोरं."

कुणाचं लक्ष गेलं नाही. असतो एखादा आळशी.

"कपितान, देल्फिन. सदस्य, सालुद. बाकी कोरं."

"कपितान, देल्फिन. सदस्य, सालुद. बाकी कोरं."

वर्ग हळूहळू गप्प होत गेला. बाई वाचत राहिल्या. सालुदच्या नावापुढे रेघांचे जुडगे उभे राहत होते, आणि दर वेळी बाई म्हणायच्या, बाकी कोरं. त्यांना म्हणावंच लागत होतं, नियमच तसा. सालुदला वाटलं, हिचं तोंड कुणीतरी बंद करावं. एस्कानियो खिडकीतून एकेक करून सटकायला लागले. पोन्सिंगचा एक माणूस मागून म्हणाला, "अरे वा, शाईची टंचाई झाली की काय वरच्या वस्तीत?" आणि सगळा वर्ग फिसकन हसला. क्लारिंग तेवढी हसली नाही. तिचा पुठ्ठा हलायचा थांबला होता. सालुदनं मान वळवून पाहिलं नाही. न पाहताही तिला ते कळलं होतं.

दिवे लागायच्या सुमारास निकाल लागला. देल्फिन कसाबसा कपितान झाला. सदस्यांत सालुद पहिली, आणि पहिलीही कशी, बाकीच्यांच्या कितीतरी वर. तिच्या खाली ओळीनं सहाही पोन्सिंगची माणसं, त्यांचा सातवा मतं सारखी पडल्यानं चिठ्ठी टाकून आठवा ठरला. आखाडेवाल्यांनी एक नाव इकडचं तिकडं केलं नव्हतं. दर खेपेला त्यांच्यातले चार जण तरी क्लारिंगचं नाव हळूच लिहायचे, यंदा तेही नाही. क्लारिंग नववी. सातांच्या बाहेर.

एवढं सालुदनं योजलं नव्हतं. तिला क्लारिंग एक पायरी खाली हवी होती, जिन्यावरून ढकलायची नव्हती. आपलं घराणं केवढं मोठं आहे याचा तिला जन्मभर गर्व होता, आणि नेमका हिशेब करायच्या वेळी तिनं तेच विचारात घेतलं नाही.

तरी पोटात कुठेतरी गार वाटलं होतंच. पहिली ती पहिली.

दारात गर्दीत क्लारिंग समोर आली. "अभिनंदन, कुमारे," म्हणाली आणि वाट सोडून उभी राहिली. बस्स. ना डोळ्यांत पाणी, ना आवाजात राग. सालुदच्या जिवाची पुन्हा आग झाली. हरतानासुद्धा हीच मोठी!

नाताळ गेला आणि देल्फिन कॅनडाला गेला. सालुद कपितान झाली. रिकाम्या झालेल्या सदस्याच्या जागेसाठी सहांनी मिळून पोन्सिंगच्या मेहुण्याचं नाव पुढे केलं आणि नगराध्यक्षांनी त्यावर सही ठोकली. आता सातही तिकडचे. सालुदनं म्हणावं नळाची फुटकी लाईन दुरुस्त करू, सातांनी म्हणावं नको. सालुदनं म्हणावं वादळातल्या निवाऱ्याचं छप्पर बदलू, सातांनी म्हणावं पुढच्या वर्षी बघू. कपितानाला मत असतं फक्त बरोबरी झाली तर, आणि सात विरुद्ध शून्यात बरोबरी कुठून होणार? ज्या पाचांनी तिची बाजू घेतली असती ते तिनंच कोऱ्या ओळींत घालवले होते. त्यांतला एक तर रस्त्यात दिसला की मुद्दाम खिशातलं पेन काढून दाखवायचा.

लोक तिला आता 'कॅप' म्हणायचे. "नमस्ते, कॅप." आणि तसेच पुढे, क्लारिंगच्या बाकड्याकडे. बारांगाय हॉलच्या खिडकीतून ते बाकडं सरळ दिसायचं. सालुदनं तिथं पडदा लावला. मग पडद्याच्या फटीतून बघायला लागली. आज कोण बसलंय, किती वेळ बसलंय, कशाला हसतायत. पदावर नसलेल्या बाईकडे लोक जातात ते कशाला? ही काय देऊ शकते त्यांना? तिला उत्तर सापडायचं नाही, आणि उत्तर सापडत नाही म्हणून झोप यायची नाही.

मार्चमध्ये समुद्रावर भांडण झालं. सालुदचा पुतण्या दोमेंग आणि पोन्सिंगकडचा इसाबेलो. इसाबेलोच्या होडीच्या पंख्यात दोमेंगचं जाळं अडकून फाटलं. दोमेंगनं इसाबेलोच्या होडीची बाजूची बांबूची दांडी कोयत्यानं तोडली. मग दोघांचे भाऊ कोयते घेऊन किनाऱ्यावर यायला लागले. मासेमारी थांबली, बायकांना पाण्यावर जायची भीती.

असली भांडणं आधी कपितानापुढे यावी लागतात. सालुदनं दोघांना बोलावलं. इसाबेलो भिंतीला टेकून उभा. "कॅप, तो तुमच्या भावाचा मुलगा. तुम्ही काय न्याय देणार?"

"कायद्यानं देईन."

"शपथ पण कायद्यानंच घेतली होती ना चर्चमध्ये?" त्याचा भाऊ म्हणाला.

सालुद खुर्चीतून अर्धी उठली. पण खोटं काय होतं त्यात? तिनं समजावलं, ओरडली, शेवटी टेबलावर हात आपटला. काही उपयोग झाला नाही. कपितानाला जमलं नाही की सलोखा मंडळातले तिघे निवडून त्यांच्यापुढे भांडण ठेवायचं, आणि तिघांची नावं दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायची, अशी पद्धत. मंडळातली नावं वाचली गेली. दोमेंगला चालतो तो इसाबेलोला चालेना, इसाबेलोला चालतो तो दोमेंगला.

"मग हवं कोण तुम्हाला?" सालुद किंचाळली. "पोपला बोलावू?"

इसाबेलोनं खाली बघितलं. "नांग क्लारिंग असेल तर बसू."

सालुदनं पुतण्याकडे पाहिलं. हा तरी नाही म्हणेल. रक्ताचा आहे.

दोमेंग चुळबुळला. "तिया, रागावू नको. मलाही चालेल. तीच हवी."

"का?" आवाज तिला ओळखू आला नाही स्वतःचा. "का रे? तिनं काय केलंय तुझ्यासाठी? तुला काट्यावर मी तोललं!"

"तोललंस ना. आणि वजन कमी भरलं म्हणून आईला चारचौघांत झापलंस. ती अजून सांगते." दोमेंग जमिनीकडे बघत म्हणाला. "क्लारिंगकडे गेलं की ती आधी खायला देते, मग ऐकते. आणि ऐकलेलं कुणाला सांगत नाही. तेवढंच."

क्लारिंग मंडळात नव्हती. मंडळावर माणूस नेमायचा तो कपितानानं. नेमणूक केली नाही तर भांडण तालुक्याच्या कोर्टात जाणार, वर्षानुवर्षं चालणार, आणि त्याआधी कोण कुणाला कोयता घालेल सांगता येत नव्हतं. सालुद दुसऱ्या दिवशी भर उन्हात रस्ता ओलांडून त्या बाकड्यावर जाऊन बसली. पद मिळाल्यापासून पहिल्यांदाच. बाकड्यावरची माणसं उठून गेली.

"पेज संपलीय," क्लारिंग म्हणाली. "कॉफी देऊ?"

"नको. मंडळावर ये. दोमेंगचं आणि इसाबेलोचं मिटव."

क्लारिंगनं फडक्यानं ओटा पुसला. बराच वेळ पुसला. "तुला पहिली व्हायचं होतं, झालीस. आता माझ्याकडे कशाला आलीस, कुमारे?"

"ते दोघं तुझं नाव घेतायत. मी नाही."

"ते माहीत आहे मला. तुझ्या तोंडून येतं कधी माझं नाव?" मग तिनं फडकं टाकलं. आवाज पहिल्यांदाच कापला. "एक ओळ, सालुद. एक ओळ लिहिली असती तुझ्या घरच्यांनी. मी तुला सोडलं असतं गं ते पद. मागितलं असतंस तर देल्फिन गेला त्या दिवशी राजीनामा देऊन तुला पुढे केलं असतं. मला बैठकीत झोप येते, तुला ठाऊक आहे."

सालुदचा चेहरा लाल झाला. लाजेनं नाही. मागून मिळालं असतं, हेच तर तिला नको होतं. क्लारिंगनं उदार होऊन दिलेलं कपितानपद! त्यापेक्षा चोरलेलं बरं.

"येतेस की नाही तेवढं सांग," ती म्हणाली.

"येते. पण फक्त या भांडणापुरतं म्हणून नेमणार असशील तर नाही. पोळी भाजली की तवा बाजूला, असं नको. पूर्ण मुदतीची नेमणूक कर आणि शपथ सगळ्यांसमोर दे."

सोमवारी सकाळी झेंडा वर गेल्यावर हॉलपुढे सगळे उभे असताना सालुदनं क्लारिंगला शपथ दिली. शब्दामागून शब्द, उजवा हात वर. शपथ संपली तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. सालुद कपितान झाली त्या दिवशी सहाही सदस्यांनी हाताची घडी घातली होती. तिचा वर केलेला हात खाली यायला जरा वेळच लागला.

भांडण दोन बैठकांत मिटलं. इसाबेलोनं जाळं शिवून द्यायचं, दोमेंगनं दांडी बसवून द्यायची, आणि दोघांच्या आयांनी एकत्र येऊन रांधायचं. आत काय बोलणं झालं ते सालुदला कधीच कळलं नाही. ती बाहेर ओसरीवर होती, आणि आतून हसण्याचे आवाज येत होते.

घरी आल्यावर तिनं पातेलं एवढ्या जोरात आपटलं की झाकण अंगणात गेलं. आम्बो ते घेऊन आत आला.

"इतकं पोटात दुखतं तर पूर्ण मुदतीची नेमलीस कशाला?"

"कपितान कोण आहे?" सालुद म्हणाली. "मी आहे ना? मग गावाला लागेल ते मी नेमणार. तिचं तोंड मला बघवत नाही, तो माझा प्रश्न आहे."

तुमालोंगचं सलोखा मंडळ आता चांगलं चालतं. किनाऱ्यावरचे लोक भांडणं कोर्टात नेत नाहीत, आणि वरच्या कार्यालयात त्याचं श्रेय कपितान सालुदच्या नावावर जातं. क्लारिंग ज्या दिवशी बसते तो वार सालुदच ठरवते. आणि दर वेळी नेमका त्याच वारी कपितानाला तालुक्याला महत्त्वाचं काम निघतं. हॉलच्या कारकून बाईच्या हे केव्हाच लक्षात आलंय. ती काही म्हणत नाही, फक्त सकाळी विचारून घेते, "कॅप, ट्रायसिकल सांगून ठेवू ना?"

"ठेव," सालुद म्हणते. "आणि ती कधी उठली ते मला संध्याकाळी सांग."